डीएनएची पाळी कोण ठरवतं? जीनोमची रचना आणि प्रतिकृतीची वेळ घरबसल्या पडताळून पाहण्याची रीत

एमएस्सीच्या वर्गात पेशीचक्र शिकवत होतो. एस टप्प्यात, म्हणजे विभाजनाआधी पेशी डीएनएची नक्कल करते त्या टप्प्यात, सगळा डीएनए एकदम दुप्पट होत नाही, काही भाग आधी होतात, काही अगदी शेवटी, असं सांगून मी पुढे निघालो, तेवढ्यात साक्रीकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हाई कोन ठरावस?" पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत असतं: युक्रोमॅटिन (सैल गुंडाळलेला डीएनए) आधी, हेटरोक्रोमॅटिन (घट्ट गुंडाळलेला) नंतर. पण 'कोण ठरवतं' याचं उत्तर त्या ओळीत नाही.

पुढचे दोन रविवार आम्ही हाच प्रश्न घेऊन बसलो. जे केलं ते धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कुठल्याही कॉलेजात करता येईल. महागडं यंत्र लागत नाही. एक संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट (आम्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवलं), एक साधा सूक्ष्मदर्शक आणि एक वही. वही मात्र हवीच, कारण पडद्यावर पाहिलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

आधी फड समजून घ्या

त्याच मुलाच्या गावाकडची गोष्ट घेऊ. पांझरेच्या काठी शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात सारंग. पाण्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात पंधरा-वीस जणांची शेतं असली तरी त्या वर्षी सगळ्या फडात पीक एकच, आणि पाण्याची पाळीही फडाची. पाटकरी फडाला पाणी देतो. एखादा शेतकरी म्हणाला की माझ्या तुकड्याला आज द्या, तर तसं होत नाही.

डीएनएच्या प्रतिकृतीची वेळही अशीच फडाची असते, एकेका जनुकाची नसते. साधारण ४०० ते ८०० किलोबेस लांबीचा, म्हणजे चार ते आठ लाख अक्षरांचा एक पट्टा जवळजवळ एकाच वेळी दुप्पट होतो. पुष्कळदा असे अनेक पट्टे लागून असतात आणि मिळून काही दशलक्ष बेसचा एकाच वेळेचा सलग भाग बनतो. या पट्ट्याला इथे मी फडच म्हणणार आहे. उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, ते आताच सांगून ठेवतो. पाणी एका बंधाऱ्यातून येतं. डीएनएची नक्कल मात्र प्रत्येक फडात आतल्याच अनेक ठिकाणांहून सुरू होते. त्या ठिकाणांना ओरिजिन म्हणतात.

पायरी पहिली: वहीवर हिशोब

संगणक उघडण्याआधी हा हिशोब करा. माणसाचं पहिलं गुणसूत्र सुमारे २४.९ कोटी बेस-जोड्यांचं आहे. नक्कल करणारा एक फोर्क मिनिटाला साधारण २,००० जोड्या पुढे सरकतो. एका ओरिजिनपासून दोन फोर्क दोन दिशांना निघतात, म्हणजे मिनिटाला ४,०००. गुणसूत्रावर एकच ओरिजिन असतं तर ६२,००० मिनिटं लागली असती, म्हणजे ४३ दिवस. प्रत्यक्षात एस टप्पा आठ तासांच्या आसपास उरकतो.

आता उलटा हिशोब, आणि खरी गंमत इथे आहे. माणसाच्या एका पेशीत एका एस टप्प्यात ३०,००० ते ५०,००० ओरिजिन वापरले जातात असा अंदाज आहे. मधला ४०,००० हा आकडा धरा. आई-वडिलांकडून आलेले गुणसूत्रांचे दोन्ही संच मिळून ६४० कोटी जोड्या, म्हणजे एका ओरिजिनच्या वाट्याला १ लाख ६० हजार. मिनिटाला ४,००० या वेगानं ४० मिनिटं. सगळे ओरिजिन एकदम पेटले असते तर काम पाऊण तासाच्या आत संपलं असतं!

मग आठ तास का? कारण पेशी पाळ्या लावते. बेडकाच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणात एस टप्पा अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि तिथे ही पाळ्यांची शिस्तही जवळजवळ नसते. भ्रूण वाढून पेशींची संख्या काही हजारांवर गेली की ओरिजिन पेटवणारी प्रथिनं वाटून घ्यावी लागतात, एस टप्पा लांबतो. यीस्टमध्ये हे थेट दाखवलं गेलं आहे: सीडीसी४५, एसएलडी३, डीबीएफ४ यांसारखी मोजकी प्रथिनं पेशीत जास्त करून दिली की उशिराचे ओरिजिनही लवकर पेटतात. पाणी कमी आणि शेतं जास्त असली की पाळी येतेच. आता प्रश्न उरतो तो आधी कोणाचा, याचा.

पायरी दुसरी: बार बॉडी डोळ्यांनी पाहा

१९४९ साली मरे बार आणि इवर्ट बर्ट्राम यांना मांजरीच्या चेतापेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसला, जो नराच्या पेशींत नव्हता. हीच बार बॉडी, म्हणजे मादीमधलं निष्क्रिय एक्स गुणसूत्र. तेच गुणसूत्र एस टप्प्यात उशिरा दुप्पट होतं. दोन एक्स, अक्षरं जवळजवळ तीच, तरी एक आधी आणि एक नंतर. म्हणजे वेळ नुसत्या अक्षरक्रमावर ठरत नाही, हे या एका उदाहरणातच दिसतं.

तोंड पाण्यानं नीट खळाळून धुवा. गालाची आतली बाजू लाकडी चमच्यानं हलक्या हातानं खरवडा, पहिली खरवड टाकून द्या, दुसरी काचपट्टीवर पसरा. मिथेनॉलमध्ये दहा मिनिटं स्थिर करा, वाळवा, मग ॲसिटो-ऑर्सिन किंवा प्रयोगशाळेत असेल तर जिएम्सा लावा. शंभर पटीच्या ऑइल भिंगाखाली केंद्रकाच्या अगदी कडेला चिकटलेला, सुमारे एक मायक्रॉनचा गडद ठिपका शोधा. प्रत्येक पेशीत दिसणार नाही. शंभर चांगली केंद्रकं मोजा आणि किती ठिकाणी दिसला ते लिहा. दाट, गप्प, कडेला आणि उशिरा, हे चार शब्द वहीत एका ओळीत लिहून ठेवा. पुढे तेच पुन्हा भेटणार आहेत.

एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो. हा प्रयोग स्वेच्छेनं, स्वतःच्याच पेशींवर करायचा. काचपट्ट्यांवर नावं घालायची नाहीत आणि कोणाचा निकाल वर्गात जाहीर करायचा नाही. लिंग-गुणसूत्रांची माहिती ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे.

पायरी तिसरी: ब्राउझरमध्ये वेळेची रेषा उघडा

आता यूसीएससी जीनोम ब्राउझर उघडा. मोफत आहे, नोंदणी लागत नाही. मानवी जीनोमची एचजी१९ ही आवृत्ती निवडा. नवी एचजी३८ आहे हे खरं, पण आपल्याला लागणाऱ्या जुन्या पट्ट्या एचजी१९ वर एकत्र मिळतात. दोन आवृत्त्यांमधले पत्ते वेगळे असतात. एकीकडची पट्टी दुसरीकडच्या आकड्यांवर ठेवली की सगळं थोडं थोडं सरकतं, आणि चूक लक्षातही येत नाही.

खाली 'रेग्युलेशन' गटात 'यूडब्ल्यू रेप्ली-सेक' ही पट्टी आहे. तिच्या सेटिंगमध्ये आयएमआर९० ही पेशीमाला (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश) आणि 'वेव्हलेट-स्मूद्ड सिग्नल' निवडा, बाकी सगळं बंद करा. हा डेटा कसा आला तेही समजून घ्या. वाढत्या पेशींना थोडा वेळ ब्रोमोडिऑक्सियुरिडिन दिलं. ते थायमिनच्या जागी नव्या डीएनएत बसतं. मग पेशींमधल्या डीएनएच्या प्रमाणावरून त्यांचे सहा गट पाडले: जी१ चा (एसच्या आधीच्या टप्प्याचा) शेवट, एस टप्प्याचे चार भाग आणि जी२ (एसच्या नंतरचा टप्पा). प्रत्येक गटातला नवा डीएनए वेगळा काढून वाचला. कुठला तुकडा कोणत्या गटात सापडला, त्यावरून त्याची वेळ कळली.

रेषा वर म्हणजे लवकर, खाली म्हणजे उशिरा. डोंगरमाथा म्हणजे जिथे ओरिजिनांची गर्दी आधी पेटते तो भाग. दरी म्हणजे शेवटी होणारा भाग. दोघांमधला उतार म्हणजे लवकरच्या फडाकडून उशिराच्या फडाकडे वेळ सरकत जाते तो पट्टा. ही रेषा पुष्कळ पेशींची सरासरी आहे. एकेका पेशीत नेमकं कुठलं ओरिजिन पेटेल हे बदलत राहतं. फडाची वेळ मात्र बरीचशी टिकते.

पहिल्यांदा संपूर्ण गुणसूत्र १९ पाहा, मग संपूर्ण १८. मी मुलांना काही न सांगता दोन्ही दाखवली. ५.९ कोटी बेसच्या १९ वर प्रथिनं बनवणारी सुमारे १,४०० जनुकं, आणि त्याहून मोठ्या, ७.८ कोटींच्या १८ वर तीनशेहून कमी. १९ ची रेषा बहुतेक ठिकाणी वर, १८ ची बराच वेळ खाली. केंद्रकातही १९ मध्याकडे राहतं आणि १८ कडेला. हे १९९९ साली माणसाच्या पेशींमध्ये रंगवून दाखवलं गेलं.

पायरी चौथी: रेषेखाली रचना ठेवा

रेषा तशीच ठेवून तिच्याखाली एकेक पट्टी चालू करा: जनुकांची यादी, जीसीचं (डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण, गुणसूत्राच्या पट्ट्यांचा नकाशा, आणि 'एनकेआय' नावानं दिलेली लॅमिन बी१ ची पट्टी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. केंद्रकाच्या आतल्या कडेला लॅमिन प्रथिनांची जाळी असते आणि जीनोमचे काही मोठे भाग तिला चिकटून राहतात. त्यांना लॅड म्हणतात. २००८ साली माणसाच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींत असे तेराशेच्या वर भाग सापडले, एक लाख बेसपासून एक कोटीपर्यंत लांबीचे.

आयएमआर९० निवडायचं कारण आता कळेल. लॅडचा तो नकाशाही गर्भाच्या फुप्फुसातल्या फायब्रोब्लास्टचाच आहे, टिग३ या पेशींचा. नातलग पेशी नातलग पेशींशीच ताडून पाहाव्यात. यकृताच्या पेशीची वेळ आणि फायब्रोब्लास्टची कड एकत्र ठेवून काढलेला निष्कर्ष कच्चा.

गुणसूत्र १८ वर एक कोटी बेस दिसतील इतकं जवळ जा आणि वहीत चित्र काढा. प्रिंट नको, हातानं काढा. दरी जिथे आहे तिथे लॅड आहे का? जनुकं विरळ आहेत का? जीसी कमी आहे का? गुणसूत्राची 'जी' पट्टी (जिएम्सा रंगानं गडद दिसणारी) तिथेच आहे का? बहुतेक ठिकाणी होय येईल. जिथे येणार नाही तिथे तांबड्या पेनानं खूण करा. त्या खुणा फार मोलाच्या आहेत, कारण दोन गोष्टी नुसत्या सोबत असतात की एक दुसरीला बांधलेली असते, हा फरक तिथूनच शोधता येतो.

पायरी पाचवी: हाय-सीचा चौकडीचा नकाशा

लॅड सांगतात की कडेला कोण आहे. केंद्रकात कोण कोणाच्या शेजारी आहे हे हाय-सी सांगतं. २००९ साली ही पद्धत आली. पेशीतला डीएनए आहे तसा फॉर्मल्डिहाइडनं जखडायचा, कापायचा, शेजारशेजारची टोकं एकमेकांना जोडायची आणि वाचायची. जे दोन तुकडे वारंवार जोडलेले सापडतात ते केंद्रकात जवळ असतात.

जूसबॉक्स हे मोफत साधन उघडा. २०१४ च्या मोठ्या संग्रहातला आयएमआर९० चा नकाशा घ्या आणि गुणसूत्र १८ पाहा. ५०० किलोबेसच्या जाडीवर चौकडीच्या कापडासारखी नक्षी दिसेल. संगणकावर उतरवून घेतलेल्या जूसबॉक्समध्ये 'पिअर्सन' हा पर्याय निवडला तर ती आणखी ठळक होते. तिचा अर्थ असा की गुणसूत्राचे भाग दोन गटांत वाटलेले आहेत. ए गटातले ए गटातल्यांशी भेटतात, बी गटातले बी गटातल्यांशी, मध्ये कितीही अंतर असलं तरी.

ए-बीची आयगनव्हेक्टर नावाची रेषाही काढता येते. तिथे आमचा अर्धा दिवस गेला, म्हणून सांगतो: या रेषेचं अधिक-उणे चिन्ह मनमानी असतं. एका गुणसूत्रावर अधिक म्हणजे ए, दुसऱ्यावर अधिक म्हणजे बी असू शकतं. जिथे जनुकं दाट ती बाजू ए, असं प्रत्येक गुणसूत्रावर आधी ठरवून घ्या. मग ती रेषा वेळेच्या रेषेवर ठेवा. दोन्ही एकाच हातानं काढल्यासारख्या दिसतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पडद्यासमोरून हललो नव्हतो. एक रेषा वेळेची, दुसरी जागेची, मोजण्याच्या पद्धतींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि तरी ती एकच रेषा.

हाय-सीमध्ये जवळून पाहिलं तर लहान त्रिकोण दिसतात, त्यांना टॅड म्हणतात. २०१४ साली असं दिसून आलं की वेळेच्या फडांच्या सीमा आणि टॅडच्या सीमा पुष्कळदा एकच असतात. पेशीचा प्रकार बदलला तर फड लवकरचा उशिरा होऊ शकतो, पण बांध तिथेच राहतो.

पायरी सहावी: पेशी बदला, फड तोच ठेवा

हा भाग आपल्याकडच्या मुलांना जवळचा वाटतो. सातपुड्याच्या भागात, भिल्ल-पावरा समाजांत, सिकलसेलचा आजार आहे हे नंदुरबारच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. तो आजार ज्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलानं होतो ते बीटा-ग्लोबिनचं जनुक, एचबीबी, गुणसूत्र ११ वर आहे. शोधपेटीत रोमन लिपीत एचबीबी टाका आणि दोन दशलक्ष बेस दिसेपर्यंत मागे या. आजूबाजूला वास ओळखणाऱ्या ग्राहकांच्या जनुकांची मोठी वस्ती दिसेल.

आता रेप्ली-सेकच्या पट्टीत दोन पेशीमाला चालू करा: के५६२, जी लाल रक्तपेशींच्या वाटेवरची आहे, आणि जीएम१२८७८, जी लिम्फोसाइटपासून बनवलेली आहे. बीटा-ग्लोबिनचा भाग के५६२ सारख्या पेशींत लवकर दुप्पट होतो आणि लिम्फोसाइटच्या वंशात उशिरा, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. अक्षरं तीच, पत्ता तोच, वेळ वेगळी. इथे गैरसमज नको: वेळेमुळे सिकलसेल होत नाही आणि सिकलसेलमुळे ही वेळ बदलते असंही कोणी म्हणत नाही. हे जनुक मी घेतलं ते ओळखीचं आहे म्हणून. के५६२ ही कर्करोगाची पेशीमाला आहे, तिची काही गुणसूत्रं मोडलेली-जोडलेली आहेत, हेही वहीत लिहा.

पायरी सातवी: डोळ्यांवर भागवू नका, मोजा

ब्राउझरच्या 'टेबल ब्राउझर'मधून आयएमआर९० ची रेषा फक्त गुणसूत्र १८ साठी उतरवून घ्या. हजार-हजार बेसच्या अंतरानं आकडे मिळतात, म्हणजे सत्तर-ऐंशी हजार ओळी. लिबरऑफिस कॅल्क हे पेलतं. प्रत्येक ओळीच्या पत्त्याला पाच लाखांनी भागून पूर्णांक काढा, तो झाला ठोकळ्याचा क्रमांक. पिव्हट टेबलनं प्रत्येक ठोकळ्याची सरासरी काढा. दीडशेच्या आसपास ठोकळे होतील. जनुकांसाठी एका जनुकाची एकच नोंद असलेली यादी घ्या, नाहीतर एकाच जनुकाची पाच-पाच रूपं मोजली जातात. प्रत्येक ठोकळ्याचा मध्य लॅडमध्ये पडतो का, त्यासाठी १ किंवा ० लिहा.

मग कोरेल हे सूत्र वापरा. वेळेचा आकडा आणि जनुकांची संख्या यांचा सहसंबंध अधिक यावा, वेळ आणि लॅड यांचा उणे. किती आला ते स्वतःच्या वहीत लिहा आणि शेजारच्या गटाशी ताडून पाहा. सेंट्रोमिअरजवळचे (गुणसूत्राच्या कमरेजवळचे), वाचता न आलेले रिकामे ठोकळे आधी वगळा, ते शून्य धरले गेले तर सहसंबंध बिघडतो.

सोबत असणं आणि कारण असणं

इथवर जे मिळालं तो सहसंबंध आहे. विद्यार्थ्याचा प्रश्न 'कोण ठरवतं' हा होता. त्यासाठी मोडतोड करून पाहिलेले प्रयोग लागतात. मला सगळ्यात आवडतो तो १९९९ चा. हॅमस्टरच्या पेशींची केंद्रकं विभाजनानंतर वेगवेगळ्या वेळी काढून बेडकाच्या अंड्याच्या अर्कात ठेवली. अर्कानं सगळ्यांची नक्कल करायला सुरुवात केली. अगदी लवकर काढलेल्या केंद्रकांत काही क्रम नव्हता. जी१ टप्प्यात तास-दोन तास गेल्यानंतर काढलेल्या केंद्रकांत मात्र आधी-नंतरचा क्रम पक्का होता. आणि याच सुमारास गुणसूत्रांचे भाग केंद्रकात आपापल्या जागी जाऊन बसतात. एस टप्पा सुरू व्हायला अजून कित्येक तास असतात, तोवर पाळ्या लावून झालेल्या असतात.

मग २०१२ मध्ये रिफ१ हे प्रथिन पुढे आलं. ओरिजिन पेटण्यासाठी डीडीके नावाचा किनेज तिथल्या एमसीएम प्रथिनांवर (डीएनएची दोन सूत्रं उलगडणाऱ्या) फॉस्फेट चढवतो. रिफ१ आपल्यासोबत पीपी१ हा फॉस्फेटेज आणतं आणि तो फॉस्फेट उतरवतो. उशिराच्या फडांवर रिफ१ बसलेलं असतं. ते काढून टाकलं की वेळापत्रक विस्कटतं. २०२१ च्या कामात तर रिफ१ गेल्यावर, पेशी काही वेळा दुप्पट होत गेल्या तसतशा हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) खुणा आणि ए-बीची मांडणीही बिघडत गेली. म्हणजे बाण एकाच दिशेचा नाही. रचना वेळ ठरवते आणि वेळही रचना टिकवते.

आणखी एक प्रयोग, २०१९ चा, उंदराच्या भ्रूणपेशींवरचा. टॅडचे बांध सांभाळणारं सीटीसीएफ हे प्रथिन. त्याच्या बसण्याच्या जागा कापल्या, उलट्या केल्या, वेळ फारशी हलली नाही. पण फडाच्या आत विखुरलेले काही छोटे तुकडे एकत्र काढले, तेव्हा सगळा फड लवकरचा उशिरा झाला आणि ए गटातून बी गटाकडे गेला. हे तुकडे एकमेकांना त्रिमितीत भेटत होते. बांध फडाची हद्द दाखवतो. पाळी आतल्या माणसांच्या भेटींतून ठरते, असं मी वर्गात सांगितलं आणि साक्रीच्या मुलाला ते लगेच पटलं, कारण त्यांच्याकडे पाळी तशीच ठरते.

पिकावर करायचं असेल तर

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मुलं विचारतात, माणसाऐवजी आपल्याकडचं पीक घेता येईल का. कापूस आणि केळी मनात येणं साहजिक आहे, पण सुरुवात मक्यापासून करा. मक्याच्या मुळाच्या टोकांवर ईडीयू (ब्रोमोडिऑक्सियुरिडिनसारखंच, नव्या डीएनएत बसणारं रसायन) देऊन, केंद्रकं वेगळी करून काढलेला लवकर, मध्य आणि उशिराचा नकाशा २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. पद्धत वरचीच. फक्त बी७३ या वाणाच्या जीनोमची कोणती आवृत्ती वापरली आहे ते आधी तपासा, आणि जनुकांच्या पट्टीसोबत ट्रान्सपोझॉनची (जीनोममध्ये जागा बदलू शकणाऱ्या तुकड्यांची) पट्टीही ठेवा, कारण मक्याचा बहुतांश जीनोम त्यांनीच भरलेला आहे. आमच्याकडचे दोन विद्यार्थी सध्या मक्याच्या गुणसूत्र १० वर बसले आहेत. त्यांची पहिली अडचण वेगळीच निघाली: वेळेचे तीन वेगवेगळे आकडे एका रेषेत कसे आणायचे. तिन्हींची बेरीज शंभर टक्के धरून प्रत्येकाचा वाटा काढा, आणि लवकरला १, मध्यला २, उशिराला ३ असं वजन देऊन सरासरी घ्या. ती रेषा उलटी वाचायची हे मात्र विसरू नका. इथे आकडा लहान म्हणजे लवकर.